मुंबई उरकून आलो!

फराळाचे डबे तळाला लागले, भाऊबीज झाली, ओवाळणीची नोट मुलांच्या गल्ल्यात पडली, की आपल्या घराघरांतून एक नवाच उद्योग सुरू होतो. "यंदा दोन दिवस कुठे जायचे?" शुक्रवारी रात्री गाडीत बसावयाचे, शनिवार-रविवार एखादे शहर पाहावयाचे आणि सोमवारी सकाळी घरी येऊन अंघोळ करून कामावर जावयाचे, असा हा बेत असतो. बेत चांगला आहे. मीही तो करीत आलो आहे. परंतु बेत ठरला, की घरातला एक हुशार माणूस कागद-पेन्सिल नाहीतर मोबाइल घेऊन बसतो आणि यादी करू लागतो. मुंबईचे सात 'पॉइंट', पुण्याचे नऊ, हैदराबादचे अकरा! आणि सोमवारी तोच माणूस कचेरीत जाऊन छातीठोकपणे सांगतो, "मुंबई उरकून आलो!"

उरकून! वाचकहो, धुणे उरकतात, भांडी उरकतात, नको असलेल्या पाहुण्याचा पाहुणचार उरकतात. ज्या शहरात आपल्या तीन पिढ्या राबल्या, जिथून आलेल्या मनिऑर्डरींवर आपल्या गावांच्या चुली पेटल्या, ते शहर उरकावयाचे असते काय?

या यादीविरुद्ध मला आज बोलावयाचे आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पोटासाठी मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. प्रवासशास्त्रातला मी पंडित नव्हे. परंतु या गुन्ह्यातला मी शिक्षा भोगून आलेला आरोपी आहे, आणि आरोपीची साक्ष ऐकून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

आमचे गाव मिरजेजवळ. मिरज हे मोठे जंक्शन, आणि मुंबईला जावयाचे तर महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. रात्री बसावे, सकाळी बोरीबंदरला उतरावे. २०१७ सालच्या डिसेंबरात आम्ही सहाजण निघालो : मी, पत्नी, मुलगी, मुलगा आणि माझे आईवडील. वडिलांचे वय तेव्हा सत्तरीला आले होते. यादी मीच केली होती. गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, राणीचा बाग, हँगिंग गार्डन, मरीन ड्राइव्ह आणि सिद्धिविनायक. सात ठिकाणे! प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. असे सुरेख वेळापत्रक मी शाळेतही कधी केले नव्हते.

शनिवारी सकाळी साडेसातला उतरलो आणि सामान उचलून धावतच टॅक्सीकडे गेलो. मुलीने मागे वळून काही तरी विचारले. "नंतर, नंतर" म्हणून मी तिला ओढले. दोन दिवस मी सगळ्यांना असेच ओढत होतो. लाँचने घारापुरीला गेलो. लेणी पाहिली. त्या बेटाला परक्यांनी एलिफंटा हे नाव दिले ते तिथल्या दगडी हत्तीवरून, असे मी मोठ्या तोऱ्यात सांगितले. मुलाने लगेच विचारले, "मग बाबा, हत्ती कुठे आहे?" मला ठाऊक नव्हते. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "चला, लाँच सुटेल."

दुसऱ्या दिवशी राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले, सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहिलो, आणि रात्री परतीच्या गाडीत बसलो तेव्हा सातही ठिकाणांवर खुणा झाल्या होत्या. मी विजयी मुद्रेने कागद खिशात घातला.

गाडी सुटली. भायखळा मागे पडले. तोवर खिडकीशी गप्प बसलेले आप्पा एकदम पुढे वाकले आणि अंधारात बघत, दिव्यांवरून ओळख पटवीत एकेक नाव घेऊ लागले. "चिंचपोकळी... ह्ये करी रोड."

समोरच्या बाकावर माझी आई अर्धवट डोळा लागून बसली होती. ती ताडकन उठली आणि खिडकीच्या गजांना कपाळ लावून म्हणाली, "कुठं? अवं, कुठं? दावा की मला!"

"गेलं," आप्पा म्हणाले. "गाडी म्होरं आली."

त्यांचे हे बोलणे मला कळले आणि सातही ठिकाणे माझ्या खिशात जड झाली.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना सांगावयास नको, परंतु लहानांसाठी सांगतो. आप्पा मुंबईत गिरणीकामगार होते. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात. राहायचे करी रोडला, चाळीतल्या एका खोलीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. हजारो माणसे हळूहळू गावी परतली, त्यांत आप्पाही परतले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आई कधीच मुंबईला गेलेली नव्हती. त्या काळी घाटावरच्या नि कोकणातल्या किती तरी बायकांचे असेच असे : नवरा मुंबईत, बाई गावी, आणि मध्ये पोस्टमन. ज्या खोलीतून तिला दरमहा मनिऑर्डर येत असे, ती खोली तिने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

आणि तिचा मुलगा, कादंबऱ्या लिहून दुसऱ्यांच्या मनातले सांगणारा मुलगा, तिला मुंबईला घेऊन गेला आणि पेंग्विन दाखवून परत आला! राणीचा बाग भायखळ्याला. तिथून करी रोड अवघे दोन स्टेशन. अंतराने अडवले नव्हते, पैशाने अडवले नव्हते. यादीने अडवले होते. यादी करताना मी साऱ्या जगाला विचारले, घरातल्या दोन म्हाताऱ्यांना तेवढे विचारले नाही.

कोणी म्हणेल, "मास्तर, हा तुमच्या घरचा प्रश्न झाला. तुम्ही विसरलात, त्याला यादी काय करणार?" मी म्हणतो, यादीचा स्वभावच तो आहे. यादी कोण करते? ज्याच्या हाती तिकिटांचे पैसे असतात तो. ती कशावरून करतो? दुसऱ्यांच्या याद्यांवरून. म्हणजे तुमच्या घरातली आजी, तुमची पत्नी, तुमचे पोर यांच्यापैकी कोणालाही न ओळखणाऱ्या माणसाने तुमच्या दोन दिवसांचा निकाल लावलेला असतो. मग त्यात आजीचे करी रोड यावे कोठून?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे. "वर्षातून एकदा कसेबसे जमते. एवढे पैसे घालायचे, मग सगळे पाहून घ्यायला नको?" काटकसरीने संसार करणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे, त्याला हसण्यावारी नेणे बरे नव्हे. तेव्हा आपण हिशेबच मांडू. शनिवारी सकाळी साडेसात ते रविवारी रात्री आठ, म्हणजे साडेछत्तीस तास. त्यांतून झोपेचे आठ वजा करा. अंघोळी-जेवणांचे सहा वजा करा. उरले साडेबावीस. घरी आल्यावर मी प्रामाणिकपणे आठवून लिहून काढले : सात ठिकाणे प्रत्यक्ष पाहण्यात गेले सहा तास. रस्त्यात, रांगेत आणि तिकिटांच्या खिडकीपुढे गेले साडेनऊ. उरलेले सात तास कुठे गेले? थकून कट्ट्यावर बसण्यात, एकमेकांची वाट पाहण्यात आणि एकमेकांवर चिडण्यात! पैसे मी साडेबावीस तासांचे मोजले आणि माल सहा तासांचा आणला. याला काटकसर म्हणत असतील तर उधळपट्टी ती कोणती?

तिसरा आक्षेप शिक्षणाचा. "मुलांना तेवढेच ज्ञान मिळते." येथे मात्र मला अधिकाराने बोलू द्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात मी दरवर्षी सांगतो, "सुट्टीत पाहिलेली एक गोष्ट काढा." मुंबईला जाऊन आलेली मुले गेटवे काढतात. सगळे गेटवे सारखे. कारण ते डोळ्यांनी पाहिलेले नसतात, फोटोत पाहिलेले असतात. एका वर्षी एक मुलगी पुण्याला मावशीकडे दोन दिवस राहून आली. तिने शनिवारवाडा पाहिला नाही, पर्वती पाहिली नाही. ती मावशीबरोबर महात्मा फुले मंडईत भाजी आणायला गेली होती. तिने मंडई काढली : वरचा उंच मनोरा, खाली ओट्यांवरच्या भाज्यांच्या राशी, आणि तराजूच्या दांडीकडे टक लावून बघणारी भाजीवाली. मंडईची ती इमारत १८८६ सालची आहे, हे त्या पोरीला ठाऊक नव्हते. पण भाजीवालीचा अंगठा तराजूपासून किती दूर होता, हे तिने बरोबर काढले होते! मी तिला दहापैकी नऊ गुण दिले. गेटवेवाल्यांना पाच-पाच.

चौथा आक्षेप गाडीवाल्यांचा. "रेल्वेची कटकट कशाला? स्वतःची मोटार काढा, मनाला येईल तिथे थांबा." ठीक आहे, परंतु मोटारीत घरातला एक माणूस चक्रापाशी बसलेला असतो आणि त्याला रस्त्याखेरीज काही पाहता येत नाही. बाकीचे त्याच्या पाठीकडे बघत बसतात. रेल्वेत माणसे समोरासमोर बसतात. डबा उघडतो, दशम्या निघतात, शेजारच्या बाकावरची बाई लोणच्याची फोड पुढे करते. माझ्या आईने जे "दावा की मला" म्हटले, ते मोटारीत म्हटले असते काय? करी रोड आले आणि गेले, हे मोटारीत कोणाला कळलेसुद्धा नसते.

रेल्वेविषयी एक खरे गाऱ्हाणे आहे, ते मात्र मी झाकणार नाही. त्या दोन्ही प्रवासांत आप्पांच्या तिकिटाला ४० टक्के आणि आईच्या तिकिटाला ५० टक्के ज्येष्ठांची सवलत होती. २०२० सालच्या मार्चमध्ये ती सवलत काढून घेण्यात आली. ज्यांनी उमेदीची वर्षे या गाड्यांच्या पायरीवर लोंबकळून काढली, त्यांना म्हातारपणी निम्म्या भाड्यात एकदा खिडकीशी बसू द्यावे, ही मागणी काही राज्य मागण्याइतकी मोठी नव्हे. ती आपण सर्वांनी करीत राहिले पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, नुसते झोडपणे सोपे आहे. करावे काय ते सांगा. तेही सांगतो, कारण २०१९ सालच्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा मुंबईला गेलो.

या वेळी मी कागद घेतला आणि वर ठिकाणांऐवजी माणसांची नावे लिहिली. सहा नावे. प्रत्येकाला एकच प्रश्न : "मुंबईत तुला काय पाहिजे?" एकच गोष्ट सांगावयाची, दोन नाहीत. मुलाने क्षणात सांगितले, "हत्ती." मुलगी म्हणाली, "दुमजली बसमध्ये वर, सगळ्यांत पुढे." पत्नीने जरा विचार केला आणि म्हणाली, "समुद्राकाठी एक तास. आणि त्या तासात मला कोणी काही विचारायचे नाही." आप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लालबागचा नाका बघू. जमलं तर." आई लाजली आणि म्हणाली, "ह्यांची खोली." माझे मी लिहिले : बोरीबंदरची इमारत.

बोरीबंदर पाहून आम्ही सुरुवात केली. म्हणजे काय, तर उतरलो आणि धावलो नाही. ज्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याची पहिली गाडी सुटली, तिथली ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून बांधली गेली आणि १८८८ साली पुरी झाली. तिच्या दगडी नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. २००४ सालापासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. ही एक यादी मला मान्य! दाराच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. मी वर बघत राहिलो आणि मुलीने माझ्या वहीत वाघ काढला. मागच्या खेपेला तिने मागे वळून जे विचारले होते, ते या वाघाविषयीच होते.

मग भायखळा. राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात उभा आहे घारापुरीचा हत्ती! १८६४ साली इंग्रजांनी तो बेटावरून हलवायला घेतला तेव्हा तो फुटला. त्याचे तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ साली पुन्हा जोडले. मागच्या खेपेला ज्या हत्तीचा पत्ता आम्हांला समुद्र ओलांडून लागला नाही, त्याच्या शेजारच्या बागेतून आम्ही पेंग्विन बघून परत गेलो होतो. मुलाने हत्तीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि जोडलेल्या भेगा मोजल्या.

दुमजली बसचा हट्टही पुरा झाला. त्या जुन्या डिझेलच्या दुमजली बसेस २०२३ सालच्या सप्टेंबरात बंद झाल्या, तेव्हा बातमी वाचून मुलगी मला म्हणाली, "बाबा, बरे झाले ना आपण बसलो ते!" पत्नीला तिचा तास मिळाला. एक तास पाच मिनिटे. पाच मिनिटे मी माझ्याकडून घातली.

आणि संध्याकाळी लोकलने करी रोड. लालबागच्या नाक्यावर आप्पा थबकलेच. डोक्यावरून पूल गेलेला. गिरणीच्या जागी काचेचे उंच मनोरे. भोंगा नाही. भारतमाता टॉकीजची पाटी दिसली तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला आणि तिथून ते आमच्यापुढे चालू लागले. मिरचीच्या, मसाल्याच्या वासाने ठसका लागला तेव्हा म्हणाले, "ह्यो वास मातूर त्योच हाय." चाळ उभी होती. खोलीत दुसरे कुटुंब राहत होते. मी अवघडून दाराशी उभा राहिलो. आतल्या बाईंना आप्पांनी सांगितले, तसे त्या म्हणाल्या, "अहो, मग बाहेर का काका? या काकू, आत या."

दहा बाय बाराची खोली. आईने भिंतींवरून नजर फिरवली आणि विचारले, "किती जण राहत हुता?"

"अठरा. पाळीपाळीनं निजायचं."

आई खाली बसली. पदराने तोंड पुसले. म्हणाली, "आन् मी हिकडनं लिवायची, पैसं कमी का धाडलं म्हणून."

आप्पा काही बोलले नाहीत. बाईंनी चहा दिला. निघताना आईने त्यांच्या लहानग्या मुलीच्या हातावर दहा रुपये ठेवले. नाक्यावर आम्ही चिवडा घेतला. एवढीच आमची मुंबई.

सहा गोष्टी झाल्या आणि तरी रविवारची अर्धी सकाळ मोकळी होती. ती मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. लोकलने जावयाची कामे शनिवारी उरकली होती (हो, कामे उरकावीत!), कारण रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि वेळापत्रकावर विसंबलेल्या माणसाची फजिती होते. घारापुरी सोमवारी बंद असते. अशा बारीकसारीक गोष्टी आधी पाहून ठेवाव्यात. मी बेताच्या विरुद्ध नाही. आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी होत असे. तेव्हा आज ठरवलेत तर संक्रांतीच्या आधीचा एखादा शनिवार मिळेल. तिकीट काढताना म्हाताऱ्यांचे वय नीट भरा. साठीच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना शक्य असेल तर खालचा बाक देतात. उरले भाडे, लॉज, डबा. ते तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले कळते.

परंतु हे सारे नंतर. आधी फराळाचा शेवटचा लाडू संपायच्या आत घरातल्या प्रत्येकाला तो एक प्रश्न विचारा. म्हातारी माणसे लगेच सांगणार नाहीत. "आमचं काय, तुम्ही न्याल तिकडं," असे म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका. दोन दिवस थांबा आणि पुन्हा विचारा.

आप्पा २०२१ साली गेले. तिसरी खेप झाली नाही. आईकडे आल्यागेल्याने मुंबईचा विषय काढला, की ती गेटवेचे नाव काढत नाही. हाताने दाखवते : "एवढीशी खोली. दार हिकडं, मोरी हिकडं. आन् खिडकीत ह्यांची ट्रंक ठेवायची जागा, ती अजून तशीच हाय."